पाषाणभेदाचे भाऊबंद

कड्याच्या फटीत फुलणाऱ्या सॅक्सिफ्रेज या चिमुकल्या वनस्पतीने गेली शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातील बागप्रेमींना अक्षरशः वेड लावले आहे. या वेडापायी काही जाती डोंगरांवरून दिसेनाशा झाल्या आणि या वेडामुळेच त्यांतली एक जात पुन्हा डोंगरावर परतली.

चरकसंहितेत मूत्रविरेचनीय द्रव्यांच्या गणात ‘पाषाणभेद’ हे नाव आढळते. दगड भेदणारा, असा त्याचा सरळ अर्थ. तिकडे लॅटिन भाषेत ‘सॅक्सम’ म्हणजे खडक आणि ‘फ्रांगेरे’ म्हणजे फोडणे. या दोन शब्दांच्या जोडीतून ‘सॅक्सिफ्रागा’ हे नाव सिद्ध झाले आणि इंग्रजीत ते ‘सॅक्सिफ्रेज’ म्हणून रूढ झाले. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन परंपरांनी एकाच कुळातील वनस्पतींना एकाच अर्थाची नावे द्यावीत, हा योगायोग मोठा रंजक आहे. त्याचे मूळही दोन्हीकडे बरेचसे सारखे असावे. ही झाडे खडकाच्या फटीत उगवतात, त्यामुळे ती खडक फोडून बाहेर येतात असे पाहणाऱ्याला वाटते. आणि जे झाड दगड फोडते ते मूतखडाही फोडेल, असे जुन्या वैद्यांना वाटले. युरोपातील ‘सॅक्सिफ्रागा ग्रॅन्युलाटा’ या जातीच्या मुळापाशी खड्यांसारख्या बारीक कंदिका असतात, त्यामुळे तेथील वैद्यांची ही समजूत अधिकच दृढ झाली.

आपल्याकडे पाषाणभेद या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. तथापि हिमालयातील ‘बर्जेनिया’ हीच खरी पाषाणभेद, असे सामान्यतः मानले जाते. जाड, रुंद पानांच्या या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पूर्वी ‘सॅक्सिफ्रागा लिग्युलाटा’ असेच होते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला स्वतंत्र प्रजातीत बसवले. मात्र कूळ एकच राहिले. तेव्हा सॅक्सिफ्रेज म्हणजे आपल्या पाषाणभेदाचे भाऊबंद, असे म्हणण्यास हरकत नाही.

सॅक्सिफ्रेजच्या सुमारे साडेचारशे जाती ज्ञात आहेत. आल्प्स, पिरेनीज, बाल्कन, कॉकेशस, हिमालय आणि चीनमधील पर्वतराजी ही त्यांची मुख्य वसतिस्थाने. सह्याद्रीत मात्र त्यांचा पत्ता नाही, कारण या वनस्पतींना थंडी लागते. ‘सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया’ ही जांभळ्या फुलांची जात तर याबाबतीत कमालच करते. ग्रीनलंडच्या उत्तरेस असलेल्या काफेक्लुबेन या बेटावर, ८३ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर, म्हणजे जिथे पुढे जमीनच उरत नाही अशा ठिकाणी ती फुलते. स्वित्झर्लंडमधील डोम शिखराजवळ सुमारे ४,५०० मीटर उंचीवरही तिची नोंद झाली आहे. फुलझाडांचा इतका थंड निवारा जगात अन्यत्र क्वचितच असेल. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशाने हेच फूल आपले मानचिन्ह म्हणून निवडले आहे.

थंडीत टिकण्याची तिची आणि तिच्या बहिणींची युक्ती साधी आहे. झाड उंच वाढतच नाही. एकेक पानांचा गुच्छ दुसऱ्याला इतका चिकटून वाढतो की, सगळे मिळून एक घट्ट, घुमटाकार गादी तयार होते. वारा वरून निसटून जातो, उन्हाची ऊब आत राहते आणि वाळलेली जुनी पाने आतल्या आत कुजून झाडालाच खत पुरवतात. मुठीएवढी दिसणारी अशी गादी कित्येक वर्षांची असू शकते.

थंडीचे नव्हे, पावसाचे वैरी

ज्या झाडाला ध्रुवप्रदेशातली थंडी बाधत नाही, ते इंग्लंडच्या सौम्य हिवाळ्यात का मरते, हे कोडे या छंदात पडणाऱ्या प्रत्येकासमोर पहिल्याच वर्षी उभे राहते. त्याचे उत्तर पर्वतावरच्या हिवाळ्यात आहे. तिथे चार-सहा महिने झाड बर्फाच्या जाड थराखाली झाकलेले असते. बर्फाखाली तापमान फारसे खालीवर होत नाही आणि मुख्य म्हणजे तिथे झाड कोरडे राहते. वसंतात बर्फ वितळू लागला की मुळांशी थंड पाणी वाहते आणि झाड जागे होते. इंग्लंडात याच्या अगदी उलट घडते. हिवाळाभर भुरभुर पाऊस, आणि उन्हाळ्यात नेमके पाणी हवे तेव्हा माती कोरडी. गादीच्या पोटात ओल साचली की बुरशी धरते आणि झाड आतून सडत जाते. वरून हिरवे दिसणारे झाड हात लावताच सुटे होऊन हातात येते.

यावर उपाय म्हणून ‘अल्पाइन हाउस’ नावाचे काचघर निघाले. काचघर म्हटले की उष्णकटिबंधातील झाडांसाठी तापवलेली खोली डोळ्यांपुढे येते. हे काचघर मात्र तापवायचे नसते. वरची काच पाऊस अडवण्यापुरती, आणि बाजूच्या खिडक्या वर्षभर उघड्या. लंडनच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात २००६ मध्ये खुले झालेले ‘डेव्हिस अल्पाइन हाउस’ हे या प्रकाराचे आधुनिक रूप होय. वारुळात हवा जशी खालून वर खेळते त्या तत्त्वावर त्याची रचना केलेली आहे. लाखो रुपये खर्चून झाडांना गार ठेवणारे काचघर बांधावे, ही कल्पना मराठी वाचकाला जरा गमतीची वाटेल. पण गिरगावातल्या चाळीत गॅलरीतल्या तुळशीला गोणपाटाची सावली करणाऱ्याला ती पटावयास हरकत नसावी.

कुंडीत लावायचे तर मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग बारीक खडीचा असावा लागतो. उरलेल्या भागात पालापाचोळ्याचे खत आणि थोडी माती. झाडाच्या मानेभोवती खडीचा थर दिला की तिथे पाणी ठरत नाही. मातीची कुंडी वाळूच्या वाफ्यात कडेपर्यंत पुरून ठेवतात. पाणी झाडावर न घालता त्या वाळूत घालतात आणि कुंडी बाहेरून हवी तेवढी ओल शोषून घेते. पाणी घालण्याची ही पद्धत दिसायला सोपी असली, तरी त्यातला अंदाज यायला काही उन्हाळे जावे लागतात. मे ते ऑगस्ट या काळात दुपारचे ऊन थेट लागू देता कामा नये. एखाद्या दुपारी झाड विसरले गेले, की गादीवर तपकिरी डाग पडतो आणि तो सहसा भरून येत नाही.

चुन्याचा साज

सॅक्सिफ्रेजच्या अनेक गटांपैकी बागांत तीन-चारच प्रामुख्याने दिसतात. शेवाळासारख्या मऊ गाद्यांचा गट सर्वांत सोसणारा, त्यामुळे संग्राहक त्याच्याकडे थोड्या तुच्छतेनेच पाहतात. ‘लंडन प्राइड’ हे त्याहूनही सोशीक संकरित झाड. पिरेनीजमधील एक आणि आयर्लंड व स्पेनच्या बाजूची एक अशा दोन जातींच्या संयोगातून ते निपजले. सावलीत, पडक्या भिंतीशी, धुराच्या शहरात ते कुठेही वाढते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बाँबहल्ल्यांनी लंडन होरपळत असताना १९४१ मध्ये नोएल कॉवर्ड यांनी याच फुलाच्या नावाने गीत लिहिले, आणि हे फूल लंडनकरांच्या चिवटपणाची खूण बनले.

संग्राहकांचा जीव खरा अडकतो तो दोन गटांत. पहिला रुपेरी गट. याच्या पानांच्या कडांवर पांढरे ठिपके ओळीने बसवल्यासारखे दिसतात. ते चुन्याचे असतात. चुनखडीच्या खडकातून मुळांनी शोषलेल्या पाण्यातला जादा चुना पानांच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो, पाणी उडून जाते आणि चुना मागे राहतो. २०१८ मध्ये केंब्रिज येथील सेन्सबरी प्रयोगशाळेतील संशोधकांनी तेथील विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील सॅक्सिफ्रेजच्या पानांवरचा हा लेप सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात ‘व्हॅटेराइट’ हे खनिज आढळले. हे कॅल्शियम कार्बोनेटचे एक दुर्मिळ रूप असून पृथ्वीवर ते फारसे टिकत नाही. काही उल्कांमध्ये ते सापडले आहे. बागेतल्या कुंडीत इतकी वर्षे ते डोळ्यांसमोर होते.

या रुपेरी गटाची राणी म्हणजे पिरेनीजच्या चुनखडी कड्यांवरची ‘सॅक्सिफ्रागा लाँजिफोलिया’. तिच्या अरुंद, करड्या-रुपेरी पानांचा एकच मोठा गुच्छ कड्याला चिकटवलेल्या चक्रासारखा दिसतो. आजूबाजूला एकही पिल्लू फुटत नाही. वर्षे जातात, गुच्छ मोठा होत राहतो, आणि मग एका उन्हाळ्यात त्यातून शेकडो पांढऱ्या फुलांचा दोन फूट लांबीचा तुरा झेपावतो. त्यानंतर झाड मरते. सात वर्षांनी एकदाच फुलून वाळून जाणारी आपली कारवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. कारवीचे मात्र सारे रान एकाच वर्षी फुलते. लाँजिफोलियाची प्रत्येक गाठ आपापल्या वेळेने सुटते. बागेतल्या लाँजिफोलियाचे बी धरण्यात आणखी एक अडचण असते. मधमाश्या शेजारच्या रुपेरी जातींचा पराग तिच्यावर आणून टाकतात आणि बियांतून संकर उगवतात. अस्सल लाँजिफोलिया म्हणून विकले जाणारे रोप बऱ्याचदा तसे नसते. याच जातीच्या संकरातून ‘टंबलिंग वॉटर्स’ हे प्रसिद्ध वाण निघाले. फुललेला गुच्छ मरताना मागे पिल्ले ठेवून जातो, एवढा गुण त्याने दुसऱ्या पालकाकडून, ‘सॅक्सिफ्रागा कॅलोझा’कडून, घेतला.

काश्मीरचा रंग, क्यूचा संकर

दुसरा गट ‘पोरोफिलम’ या नावाने ओळखला जातो. जुने लोक त्याला अजूनही ‘काबशिया’ म्हणतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या गुच्छांच्या टणक गाद्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाहेर बर्फ असतानाच, त्या पूर्ण झाकून टाकणारी फुले. मूळ युरोपीय जातींत पांढरा आणि पिवळा हे रंग मुख्य. विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम हिमालयातील ‘सॅक्सिफ्रागा लिलासिना’ ही फिकट जांभळ्या फुलांची जात इंग्लंडात पोचली आणि सारे चित्र बदलले. तिचे शास्त्रीय नामकरण करणारे जॉन डथी हे सहारनपूर येथील वनस्पती उद्यानाचे अनेक वर्षे अधीक्षक होते. क्यू येथील वॉल्टर अर्व्हिंग यांनी आल्प्समधील ‘बर्सेरियाना’शी तिचा संकर केला. त्या वंशातले ‘जेन्किन्सी’ हे फिकट गुलाबी वाण आजही नवख्याला हमखास दिले जाते. आज युरोपातील संग्रहांत गुलाबी आणि जांभळ्या छटांच्या ज्या शेकडो गाद्या दिसतात, त्यांतील बहुतेकींच्या वंशावळीत हिमालयातली ही एक जात कुठेतरी येतेच. मजा अशी की, लिलासिना स्वतः मात्र बागेत नाठाळ आहे.

संकरांचा हा उद्योग त्याआधीच सुरू झाला होता. जर्मनीतील लिंडाऊ येथील फ्रान्झ झुंडरमान या रोपवाटिकाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले संकर बाजारात आणले. वाटाण्यावरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांच्या नावाचे ‘ग्रेगोर मेंडेल’ हे फिकट पिवळे वाण त्या पहिल्या पिढीतले. पुढे मेंडेल यांच्याच भूमीत, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, या छंदाने मूळ धरले. साम्यवादी राजवटीत परदेशप्रवास दुर्मिळ झालेला, बाजारात शौकाच्या वस्तू नाहीत. अशा काळात तिथल्या हौशी मंडळींनी परसातल्या दगडांवर नवनवे संकर तयार केले. एका वाणाचे नाव ‘कारेल चापेक’ असे आहे. ज्यांच्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला तेच हे चेक लेखक. ते स्वतः कसलेले बागकामगार होते आणि बागवेड्यांची यथेच्छ थट्टा करणारे त्यांचे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध झाले.

खडकातल्या बागेची ‘कपारबाग’ ही आधुनिक पद्धतही चेक माळ्यांचीच देणगी. चपट्या शिळा पुस्तकांप्रमाणे उभ्या, एकमेकींना खेटून लावायच्या, आणि मधल्या बोटभर फटींत वाळू व निकस माती भरून त्यात रोप खोवायचे. मुळे दगडाच्या गार पाठीला धरून खोल जातात आणि मान कोरडी राहते. जुन्या इंग्रजी पद्धतीत मातीच्या ढिगावर दगड विखरून ठेवत. दिसायला ते शोभिवंत असे, पण झाडाचा त्यात फारसा विचार नसे. झ्देन्येक झ्वोलानेक यांच्यासारख्या चेक माळ्यांनी ही रीत इंग्लंड-अमेरिकेत नेली आणि आता विस्ली येथील शाही उद्यान संस्थेच्या बागेतही ती पाहावयास मिळते.

ओरबाडण्याचा इतिहास

या छंदाला इंग्लंडात प्रतिष्ठा मिळवून दिली ती रेजिनाल्ड फॅरर (१८८०-१९२०) यांनी. यॉर्कशरमधील क्लॅपहॅम या चुनखडीच्या डोंगराळ गावचे ते रहिवासी. पुढे बौद्ध धर्म स्वीकारलेले, तिखट लेखणीचे आणि एककल्ली स्वभावाचे. हिमालयी बिया बंदुकीच्या काडतुसात भरून त्यांनी घराजवळच्या कड्यावर झाडल्या, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. १९१९ साली निघालेला त्यांचा दोन खंडांचा ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा ग्रंथ आजही उघडला जातो. त्यानंतर वर्षभरातच वनस्पतिसंग्रहाच्या मोहिमेवर असताना उत्तर ब्रह्मदेशात त्यांचे निधन झाले. १९२९ मध्ये स्थापन झालेली ‘अल्पाइन गार्डन सोसायटी’ आपल्या प्रदर्शनांतील सर्वोत्तम रोपाला जे पदक देते, ते फॅरर यांच्या नावाचे आहे.

त्या काळी श्रीमंतांमध्ये खडकबागांची चढाओढ लागली होती. लंडनजवळच्या हेन्ली येथे सर फ्रँक क्रिस्प यांनी आपल्या ‘फ्रायर पार्क’मध्ये मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृतीच उभारली. (ही वास्तू १९७० मध्ये ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांनी विकत घेतली आणि ती बाग त्यांनी पुन्हा फुलवली.) अशा बागा भरायच्या तर झाडे हवीत, आणि ती येत डोंगरावरून. गादीच्या गादी उपटून, ओल्या शेवाळात गुंडाळून, टोपल्या भरभरून. त्यातली बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात मरत. मग पुढच्या वर्षी पुन्हा टोपल्या. फॅरर यांच्या पिढीला यात काही गैर वाटत नव्हते, हे त्या काळचे लेखन वाचताना जाणवत राहते. त्यांच्या आधीच्या व्हिक्टोरियन पिढीने तर नेच्यांपासून ऑर्किडपर्यंत सारेच ओरबाडले होते.

वेल्समधील एरिरी, म्हणजे पूर्वीचे स्नोडोनिया, हा डोंगराळ भाग अशा संग्राहकांचा आवडता. तिथे ‘सॅक्सिफ्रागा रोझेशिया’ ही पांढऱ्या फुलांची, शेवाळी गटातली नाजूक जात कड्यांवर होती. ती कमी कमी होत गेली. संग्राहकांची हौस हे त्याचे एक कारण, हवेतील प्रदूषण हे दुसरे. १९६२ नंतर वेल्सच्या डोंगरांवर ती कुणाला दिसली नाही. तिथून ती नामशेष झाल्याची नोंद झाली.

मात्र त्याच सुमारास एका निसर्ग अभ्यासकाने तिथले एक रोप आणून लावले होते. त्याच्या फांद्यांपासून नवी रोपे झाली, ती या बागेतून त्या बागेत गेली, आणि सहा दशके तो वंश कुंड्यांतून चालत राहिला. त्याच वंशातली रोपे वाढवून ‘प्लँटलाइफ’ या संस्थेच्या प्रकल्पाने २०२४ मध्ये ती एरिरीच्या डोंगरावर पुन्हा लावली. बासष्ट वर्षांनी झाड आपल्या गावी परतले. संग्रह करणे चांगले की वाईट, या वादात दोन्ही बाजूंना आपला पुरावा म्हणून हे एकच झाड पुढे करता येते.

कायद्याने आता चित्र बदलले आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीविना कोणतेही रानझाड उपटणे गुन्हा ठरतो. काही दुर्मिळ सॅक्सिफ्रेजचे तर फूलसुद्धा तोडता येत नाही. हिमालय आणि चीनमधून बी आणणेही २०१४ मध्ये अंमलात आलेल्या नागोया करारानंतर पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. ज्या देशातून जनुकीय संपत्ती न्यायची त्याची संमती घ्यावी, लाभात त्याला वाटा द्यावा, हे तत्त्व भारतासारख्या देशांनीच आग्रहाने मांडले. सहारनपूरच्या काळातली मुभा आता नाही, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे.

वाटल्याने टिकणारा संग्रह

त्यामुळे आजचा संग्राहक डोंगराऐवजी दुसऱ्या संग्राहकाकडे पाहतो. पोरोफिलम गटातील वाणे संकरित असल्याने बियांतून जशीच्या तशी येत नाहीत. त्यांचे कलमच करावे लागते. फुले सरली की, मे-जूनमध्ये, गादीतून एकेक गुच्छ चिमट्याने अलगद काढायचा, खालची वाळकी पाने काढून टाकायची आणि ओल्या वाळूत ओळीने खोचायचे. दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात. फुलायच्या आकाराची गादी व्हायला मात्र तीन-चार वर्षे. वाणाची पाच कलमे केली तर दोन स्वतःपाशी ठेवावीत आणि तीन वाटावीत, असा जाणत्यांचा रिवाज आहे. त्यामागे औदार्य आहे तितकाच हिशेबही आहे. आपल्याकडचे झाड एखाद्या उन्हाळ्यात गेले, तर ज्याला दिले त्याच्याकडून ते परत मागता येते.

ऑक्सफर्डजवळच्या वॉटरपेरी येथील राष्ट्रीय संग्रह याच रीतीने उभा राहिला. बिआट्रिक्स हॅव्हरगल यांनी तिथे १९३२ ते १९७१ या काळात मुलींसाठी उद्यानविद्येची शाळा चालवली. १९४२ मध्ये विद्यार्थिनी म्हणून तिथे आलेल्या व्हॅलेरी फिनिस (१९२४-२००६) पुढे शिक्षिका झाल्या आणि पर्वतीय झाडांचा विभाग त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. त्यांच्या नावाचे एक पिवळे सॅक्सिफ्रेजही आहे. शाळा बंद पडली तरी संग्रह राहिला. दगडी कुंडांतून लावलेल्या त्या गाद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात तेव्हा तिथे बघ्यांची गर्दी होते.

असे भाग्य फार थोड्या संग्रहांना लाभते. बहुतेक संग्रह एकेका माणसाच्या परसात असतात आणि त्या माणसाबरोबर संपतात. घरच्यांना त्या शेकडो कुंड्यांत काय आहे ते ठाऊक नसते. नावाची पट्टी हरवली तर ठाऊक असणाऱ्यालाही सांगता येत नाही, कारण कितीतरी वाणे एकमेकांसारखीच दिसतात आणि निनावी गादीला संग्रहात किंमत नसते. इंग्लंडातले काळे पक्षी, ज्यांना तिकडे ब्लॅकबर्ड म्हणतात, ते किडे शोधताना गाद्याही उचकटतात आणि पट्ट्याही. म्हणून अनुभवी मंडळी नावाची दुसरी पट्टी कुंडीत खोल पुरून ठेवतात.

अलीकडच्या काळात दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या आहेत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, जानेवारी २०२१ पासून, दोन्ही बाजूंकडील रोपांच्या देवघेवीला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागू झाले. दोन-तीन पौंडांच्या कुंडीमागे त्याहून कितीतरी पट खर्च प्रमाणपत्राचा. प्राग आणि इंग्लंड यांच्यात टपालाने चालणारी कलमांची देवघेव त्यामुळे आटली. दुसरी अडचण उन्हाळ्याची. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात प्रथमच पारा चाळीस अंशांवर गेला. विदर्भातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु बर्फाच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडाच्या दृष्टीने तो जीवघेणा ठरतो. पर्वतावरची झाडे उष्मा वाढला की पिढ्यापिढ्यांनी वर सरकू शकतात, निदान शिखर संपेपर्यंत. कुंडीला मात्र सावलीच्या जाळीखेरीज दुसरी वाट नाही.

आपल्याकडे हा छंद करता येईल काय, असा प्रश्न साहजिक आहे. मुंबई-पुण्याच्या हवेत गादीच्या जाती जगणार नाहीत. जपान-चीनकडील ‘सॅक्सिफ्रागा स्टोलोनिफेरा’ ही एक जात तेवढी सावलीतल्या टांगत्या कुंडीत, थंड हवेच्या ठिकाणी, तग धरू शकते. गोल, पांढऱ्या शिरांची पाने आणि दोऱ्यासारख्या लालसर धुमाऱ्यांना लटकणारी पिल्ले हे तिचे रूप. जपानात तिची पाने पिठात बुडवून तळून खातात. आपल्याकडच्या मायाळूच्या किंवा ओव्याच्या पानांच्या भज्यांसारखाच हा प्रकार म्हणायचा.

बाकी दर्शन घ्यायचे ते हिमालयातच. उत्तराखंडातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला दर पावसाळ्यात महाराष्ट्रातून अनेक गट जातात. तिथल्या खडकांवर बर्जेनियाची जाड पाने हमखास दिसतात. हिमालयातील या वनस्पतीची मुळे औषधांसाठी मोठ्या प्रमाणावर रानातूनच खणली जातात. मुळासारखे दिसणारे ते वस्तुतः जमिनीलगतचे खोड असते आणि ते सबंध काढले की झाड संपते. डोळा असलेला वीतभर तुकडा पुन्हा मातीत ठेवला तर तो सहज फुटतो. इंग्लंडातल्या माळ्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. प्रख्यात उद्यानकार गर्ट्रूड जेकिल यांनी आपल्या वाफ्यांच्या कडांना बर्जेनियाच लावली. तिथे ती आजही घरोघरी आहे आणि जास्त वाढली म्हणून शेजाऱ्यांना फुकट वाटली जाते.